पाठीच्या कण्यातील अकस्मात रक्तस्राव

दोन वर्षांपूर्वीची भाद्रपदातील संध्याकाळ. पर्युषण पर्व संपून आठवडा झाला होता आणि मार्केट यार्डात नव्या मुगाची आवक सुरू होती. माझे मेहुणे, म्हणजे सौभाग्यवतींचे थोरले बंधू (घरात सर्व त्यांना भाऊसाहेब म्हणतात), सूर्यास्तापूर्वीचे जेवण उरकून पुन्हा पेढीवर येऊन बसले होते. सातच्या सुमारास पट्टी लिहीत असता दोन्ही फऱ्यांच्या मधोमध त्यांना अशी कळ आली, की हातातील पेन गळून पडले. पोते उचलले नव्हते, पाय घसरला नव्हता, कोठे आपटले नव्हते. तक्क्याला टेकून बसलेल्या माणसाच्या पाठीत कोणी सुरा खुपसावा तशी ती वेदना होती, असे मुनीमजींनी पुढे सांगितले.

भाऊसाहेबांना लहानपणी संधिवाताचा ताप येऊन गेला होता. त्याने हृदयाची एक झडप निकामी केली आणि वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी तेथे धातूची कृत्रिम झडप बसवावी लागली. साहजिकच सर्वांच्या मनात पहिला विचार आला तो हृदयविकाराचा. जवळच्या रुग्णालयात ईसीजी काढला, रक्ताची तपासणी केली. दोन्ही निर्दोष. कंबरेत वेदनाशामक इंजेक्शन देण्यात आले, स्नायू आखडला असावा किंवा वायू धरला असावा असे सांगण्यात आले, आणि नऊ वाजता आम्ही त्यांना घरी घेऊन आलो. तेथील डॉक्टरांना दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. छातीच्या मागे दुखणे घेऊन येणाऱ्या शंभर माणसांत ज्याचा विचार करावा, त्याचाच त्यांनी विचार केला होता. भाऊसाहेबांना जे झाले होते ते दहा लाख लोकांमागे वर्षाला एखाद्यालाच होते.

साडेदहा वाजता ते म्हणाले, "जावईबापू, पायाखाली कापूस अंथरल्यासारखे वाटते." आम्ही त्यांना झोपण्यास सांगितले. या वाक्याचा अर्थ मला त्या वेळी कळला असता तर किमान तीन तास वाचले असते. एक वाजता लघवीसाठी उठण्याचा प्रयत्न केला, तेव्हा दोन्ही पाय लुळे पडले होते. पोट फुगलेले होते, परंतु लघवी होत नव्हती. चमत्काराची गोष्ट अशी, की पाठीतील कळ एव्हाना पुष्कळ उतरली होती आणि त्यामुळे घरातील मंडळी "आता बरे आहे, सकाळी पाहू" असे म्हणू लागली होती. पाय हलत नाहीत हे पाहून मी मात्र गाडी काढण्यास सांगितले. दोन वाजता निघालो, सत्तर किलोमीटरवरील शहरातील मोठ्या रुग्णालयात सव्वातीनला पोहोचलो.

तेथे रात्रपाळीवर असलेली डॉक्टर मुलगी माझ्या नातीहून फार तर चार-पाच वर्षांनी मोठी असेल. तिने ईसीजीचा कागद बाजूला ठेवला, एक टाचणी घेतली आणि भाऊसाहेबांच्या पायापासून वर टोचत आली. "काका, टोचते का?" "नाही." पोटावर नाही, बरगड्यांवर नाही. छातीच्या मध्यावर आल्यावर ते एकदम "हो, येथे टोचते" म्हणाले. तिने त्या जागी पेनाने आडवी रेघ ओढली, वेळ लिहिली आणि विचारले, "रक्त पातळ होण्याची गोळी घेतात का?" आम्ही होकार देताच तिने एमआरआय विभागाला दूरध्वनी केला. संपूर्ण प्रवासात एवढ्या थोड्या शब्दांत एवढे मोठे निदान मी पाहिले नव्हते.

या आजाराला वैद्यकीय परिभाषेत 'स्पाँटेनियस स्पायनल एपिड्यूरल हिमॅटोमा' म्हणतात. मी वाणिज्य शाखेचा पदव्युत्तर, आयुष्य बँकेच्या कर्ज विभागात गेलेले. वैद्यकाशी संबंध आला तो रुग्णालयांच्या कर्जप्रकरणांपुरता. तरीही भाऊसाहेबांवर उपचार करणाऱ्या शल्यविशारदांनी सवडीने समजावून सांगितलेले आणि पुढे मी स्वतः वाचून, त्यांच्याकडूनच तपासून घेतलेले येथे मांडतो.

आपला पाठीचा कणा मणक्यांचा असतो आणि त्या मणक्यांच्या पोकळीतून मज्जारज्जू खाली उतरतो. मेंदूचे हुकूम हातापायांना पोहोचवणारा आणि त्वचेवरील स्पर्श, वेदना मेंदूला कळवणारा हा दोर करंगळीएवढाच जाड असतो. प्रौढ माणसात तो कंबरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याच्या पातळीवर संपतो. खाली नसांचा जुडगा असतो. मज्जारज्जूभोवती आवरणे आहेत. त्यांतील सर्वांत बाहेरचे, चिवट आवरण म्हणजे ड्युरा. ड्युरा आणि मणक्याचे हाड यांच्या मध्ये जी अरुंद जागा उरते तिला एपिड्यूरल जागा म्हणतात. तेथे थोडी चरबी असते आणि बारीक शिरांचे दाट जाळे असते.

या शिरांचे एक वैशिष्ट्य आहे. हातापायांतील शिरांमध्ये रक्त मागे फिरू नये म्हणून झडपा असतात. कण्यातील या जाळ्यात तशा झडपा नाहीत. ऑस्कर बॅटसन या अमेरिकन शरीररचनाशास्त्रज्ञाने १९४० मध्ये या जाळ्याचे महत्त्व दाखवून दिले, म्हणून त्याला बॅटसनचे जाळे असेही म्हणतात. आपण जोराने खोकलो, शिंकलो, शौचाला कुंथलो, की छाती आणि पोटातील दाब थेट या शिरांवर येतो. एरवी त्या तो सोसतात. एखादे वेळी त्यांतील एक शीर फुटते. ती का फुटते, याविषयी तज्ज्ञांत पूर्ण एकमत नाही. काहींच्या मते रक्त शिरेतून न येता लहान धमनीतून येते. परंतु ज्यांचे रक्त औषधामुळे अथवा मूळच्या विकारामुळे लवकर गोठत नाही, त्यांच्यात हा धोका अधिक, याविषयी वाद नाही. रक्तवाहिन्यांची जन्मजात गुंतागुंत, हिमोफिलिया, प्लेटलेट्स फार कमी असणे, क्वचित गरोदरपण ही इतर कारणे. पुष्कळ रुग्णांत शोधूनही कारण सापडत नाही.

फुटलेल्या शिरेतील रक्त हाडांच्या नळीत कोंडले जाते. हातावर मार लागून रक्त साकळले तर त्वचा फुगून जागा करून देते. कण्याच्या नळीत फुगायला जागा नाही. एका बाजूला हाड, दुसऱ्या बाजूला मज्जारज्जू. मऊ कोण, हे उघड आहे. रक्ताची गाठ वाढते तसतसा मज्जारज्जू दबतो, त्याचा स्वतःचा रक्तपुरवठा आटतो आणि काही तासांत त्या पातळीखालचे शरीर मेंदूपासून तुटू लागते. गाठ मानेच्या पातळीला झाली तर हात आणि पाय दोन्ही. पाठीच्या पातळीला झाली तर पाय, लघवी आणि शौचावरील ताबा. भाऊसाहेबांची गाठ छातीच्या तिसऱ्या ते सहाव्या मणक्यापर्यंत, मज्जारज्जूच्या मागील बाजूस पसरली होती. बहुतेकांत ती मागील बाजूसच असते.

रक्त ड्युराच्या आत, किंवा अगदी मज्जारज्जूच्या गाभ्यातही उतरू शकते. ते प्रकार आणखी विरळ आहेत आणि त्यांचे उपचार वेगळे. येथे त्यात शिरत नाही.

हा आजार नवा नाही. जॅक्सन नावाच्या इंग्रज डॉक्टरने १८६९ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात त्याचे वर्णन 'कण्याचा झटका' अशा अर्थाच्या नावाने केले होते. शस्त्रक्रियेने उपचार झाल्याची पहिली नोंद १८९७ ची आहे. परंतु निदान करायचे कसे? क्ष-किरणात हाड दिसते, रक्त दिसत नाही. पूर्वी कण्यात सुई घालून रंगद्रव्य सोडत आणि मग क्ष-किरण काढत. ज्याचे रक्त गोठत नाही अशा माणसाच्या कण्यात सुई घालणे म्हणजे आणखी रक्तस्रावाला निमंत्रण. १९८० च्या दशकात एमआरआय आले आणि चित्र बदलले. एमआरआयमध्ये गाठ कोठे आहे, किती मणके लांब आहे, मज्जारज्जू किती दबला आहे, हे सर्व दिसते. रक्त किती जुने आहे याचाही अंदाज येतो. पहिल्या दिवसाचे ताजे रक्त एका प्रकारच्या प्रतिमेत मज्जारज्जूसारखेच करडे दिसते आणि दुसऱ्या दिवसापासून उजळू लागते. म्हणूनच, पहिल्या काही तासांतील चित्र वाचण्यासाठी सराव लागतो आणि डॉक्टरांच्या मनात शंका आधीपासून असावी लागते.

आमचा एमआरआय वीस मिनिटे अडला. तंत्रज्ञाने विचारले, शरीरात धातू आहे का? हृदयात झडप आहे, असे आम्ही सांगताच तो थबकला आणि झडपेचे कार्ड मागू लागला. ते कार्ड पेढीवरील कपाटात, पिवळ्या पडलेल्या फायलीत होते. कपाटाची किल्ली मुनीमजींकडे, मुनीमजी गावी. शेवटी वरिष्ठ डॉक्टर स्वतः खाली आले. त्यांनी मला सांगितले, की आजवर वापरात आलेल्या जवळजवळ सर्व कृत्रिम झडपांना एमआरआय चालतो. पेसमेकरची गोष्ट निराळी, तेथे चौकशी आवश्यक आहे. आयुष्यभर इतरांकडून कागदपत्रे मागणारा मी, स्वतःच्या घरातील माणसाचे एक कार्ड दाखवू शकलो नाही. आता त्या कार्डाचे छायाचित्र घरातील सात जणांच्या मोबाइलमध्ये आहे.

चार वाजून दहा मिनिटांनी गाठ दिसली. तोपर्यंत रक्ताचा अहवालही आला होता.

येथे थोडे थांबून त्या गोळीविषयी लिहिले पाहिजे, कारण आपल्या समाजात ती घेणारे पुष्कळ आहेत. धातूच्या झडपेवर रक्ताची गुठळी धरू शकते. ती सुटून मेंदूत गेली तर पक्षाघात होतो. ती धरू नये म्हणून वॉर्फरिन अथवा आपल्याकडे अधिक दिले जाणारे असिनोकुमरॉल हे औषध जन्मभर घ्यावे लागते. नव्या पिढीतील रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या धातूच्या झडपेला चालत नाहीत, हे ध्यानात असावे. वॉर्फरिनचा जन्म मोठा विलक्षण आहे. १९२० च्या दशकात उत्तर अमेरिकेत बुरशी आलेला एक प्रकारचा गोड चारा खाऊन गुरे रक्तस्रावाने मरू लागली. विस्कॉन्सिन विद्यापीठातील कार्ल लिंक यांनी त्या चाऱ्यातील द्रव्य शोधून काढले आणि त्याच कुळातील वॉर्फरिन १९४८ मध्ये बाजारात आले, ते उंदीर मारण्यासाठी. धान्याच्या वखारींत ते जगभर वापरले गेले. १९५४ पासून तेच औषध, अत्यल्प मात्रेत, माणसांना देऊ लागले. आपल्यापैकी कोणी वखारीत उंदरांचे विष ठेवत नाही, परंतु अनेकांच्या उशाशी त्याचेच सौम्य भावंड असते.

हे औषध यकृतातील क जीवनसत्त्वाची (क म्हणजे इंग्रजी 'के') वाट अडवते. रक्त गोठवणारे काही घटक या जीवनसत्त्वावाचून तयार होत नाहीत. म्हणजे एकीकडे गोळी ओढते, दुसरीकडे आहारातील जीवनसत्त्व ओढते, आणि दोहोंच्या मध्ये जो तोल राहतो तो आयएनआर या आकड्याने मोजतात. निरोगी माणसाचा आयएनआर सुमारे १. भाऊसाहेबांसारख्या, डाव्या कप्प्यांमधील झडप बदललेल्या रुग्णाचा साधारणपणे २.५ ते ३.५ च्या दरम्यान ठेवतात. त्या पहाटे त्यांचा आयएनआर ६.८ होता.

असे का झाले? आहारातील हे जीवनसत्त्व सर्वाधिक कशात असते, तर पालक, मेथी, कोथिंबीर, शेपू, कोबी अशा हिरव्या भाज्यांत. भाऊसाहेबांनी आषाढी चौमासीपासून पालेभाजीचा त्याग केला होता, पर्युषणात आठही दिवस एकासणे केली होती. गोळीची मात्रा मात्र ज्येष्ठातील, म्हणजे रोज मेथीची भाजी खाणाऱ्या माणसाची, तशीच चालू होती. शेवटचा आयएनआर अडीच महिन्यांपूर्वी केलेला होता आणि तो उत्तम होता, म्हणून पुढचा केलाच नाही. त्यात दाढ दुखू लागली. औषधाच्या दुकानातून जुनी चिठ्ठी दाखवून मेट्रोनिडाझोल आणले आणि पाच दिवस घेतले. हे जंतुनाशक यकृतातील वॉर्फरिन-असिनोकुमरॉलचा निचरा मंदावते आणि आयएनआर झपाट्याने वाढवते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते, भाऊसाहेबांनाही नव्हते. दोहोंपैकी कोणाचा वाटा किती, याची वाटणी डॉक्टरांना करता आली नाही. मला वाटते, दोघे भागीदार होते.

उपवासावर कोणी टीका करीत आहे असे कृपया समजू नये. त्यागामुळे आकडा वाढला हे जितके खरे, तितकेच हेही खरे, की कार्तिकी पौर्णिमेनंतर एकदम पालेभाजी सुरू केली तर आकडा खाली येतो आणि झडपेवर गुठळी धरण्याची भीती निर्माण होते. चातुर्मासाच्या दोन्ही टोकांना धोका आहे. पहिल्या टोकाला रक्तस्रावाचा, दुसऱ्या टोकाला पक्षाघाताचा. उपाय एकच: आहार बदलण्यापूर्वी डॉक्टरांना सांगावे आणि बदलल्यावर आठवड्या-दोन आठवड्यांत आयएनआर करून मात्रा जुळवून घ्यावी. ही गोळी सामान्यतः संध्याकाळी देतात. चौविहार करणाऱ्यांनी सूर्यास्तापूर्वीची एक ठरावीक वेळ डॉक्टरांशी बोलून नक्की करावी आणि ती पाळावी. पच्चक्खाणातील आगार आपण जाणतोच.

आता पुन्हा त्या पहाटेकडे वळतो.

शल्यविशारद आले आणि त्यांनी आम्हाला दोन वाक्यांत परिस्थिती सांगितली. गाठ काढल्याशिवाय पाय परत येणार नाहीत. आणि आयएनआर खाली आणल्याशिवाय गाठ काढता येणार नाही. रक्त पातळ असताना चीर दिली तर टेबलावरच रक्तस्राव आटोक्याबाहेर जाईल. औषधाचा परिणाम उलटवण्याचे मार्ग तीन आहेत. क जीवनसत्त्वाचे इंजेक्शन, जे आवश्यकच, परंतु पूर्ण परिणामाला अनेक तास लागतात. दुसरा, रक्तपेढीतील गोठवलेला प्लाझ्मा. तो वितळवण्यात वेळ जातो आणि मोठ्या प्रमाणात द्यावा लागतो, जे हृदयरुग्णाला सोसत नाही. तिसरा, प्रोथ्रॉम्बिन कॉम्प्लेक्स काँसंट्रेट, म्हणजे रक्त गोठवणारे घटक एकवटून केलेली भुकटी. ती थोड्याशा द्रवात देता येते आणि मिनिटांत परिणाम दाखवते. महाग आहे आणि सर्वत्र मिळत नाही. आमच्या सुदैवाने त्या रुग्णालयात ती होती.

परंतु भाऊसाहेबांच्या हृदयात धातूची झडप होती. रक्त गोठू दिले तर झडप धोक्यात. न दिले तर पाय कायमचे गेले. हृदयतज्ज्ञांना पहाटे साडेचारला उठवून विचारण्यात आले. ते दूरध्वनीवर म्हणाले, की काही दिवस औषधाविना झडप बहुधा तग धरेल, मज्जारज्जू काही तासही धरणार नाही. संमतिपत्रावर सही करताना भाच्याचा हात थरथरत होता. मी कर्जाच्या हजारो कागदांवर शिफारशीच्या सह्या केल्या आहेत. त्यांतील एकाही कागदावर दोन्ही बाजूंना एवढे मोठे नुकसान लिहिलेले नव्हते.

सहा वाजता आयएनआर १.३ वर आला. साडेसहाला शस्त्रक्रिया सुरू झाली. तिचे नाव लॅमिनेक्टॉमी. प्रत्येक मणक्याच्या मागील बाजूस हाडाची एक कमान असते. गाठीच्या लांबीपर्यंतच्या कमानी काढून नळी मागून उघडतात, साकळलेले रक्त हलकेच धुऊन-शोषून काढतात आणि दबलेल्या मज्जारज्जूला मोकळे करतात. पावणेतीन तास लागले. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, की गाठ काढल्यावर ड्युराचे स्पंदन पुन्हा दिसू लागले. मला त्याचा अर्थ पूर्ण कळला नाही, पण त्यांच्या चेहऱ्यावरून तो चांगला असावा असे वाटले.

कळ आल्यापासून शस्त्रक्रियेपर्यंत साडेअकरा तास गेले होते; पाय पूर्ण लुळे पडल्यापासून साडेपाच. या दोन आकड्यांवर बरेच काही अवलंबून असते. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात, लक्षणे सुरू झाल्यापासून बारा तासांच्या आत शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांची सुधारणा अधिक चांगली आढळली. नंतरच्या काहींनी ही मर्यादा सैल धरली, काहींनी आणखी कडक. एका गोष्टीवर सर्व सहमत आहेत: शस्त्रक्रियेपूर्वी शक्ती जितकी शिल्लक, तितके नंतरचे फळ चांगले. ज्याचे पाय थोडे तरी हलतात आणि स्पर्श थोडा तरी कळतो, त्याची आशा मोठी असते. साडेदहा वाजता, पायाखाली कापूस लागत होता तेव्हा, भाऊसाहेब स्वतः चालत होते.

प्रत्येक रुग्णाला शस्त्रक्रिया लागतेच असे नाही. गाठ लहान असेल, शक्ती फारशी गेली नसेल किंवा आपोआप परत येत असेल, तर डॉक्टर अतिदक्षता विभागात ठेवून तासातासाला तपासत थांबतात; हिमोफिलियाच्या रुग्णांत तर आधी कमी असलेला घटक देऊन पाहतात. परंतु हे थांबणे रुग्णालयातले, शल्यविशारदांच्या डोळ्यांसमोरचे आहे. घरच्या पलंगावरचे नव्हे.

आणखी एक धोका शल्यविशारदांनी मुद्दाम सांगितला. गाठ मानेच्या पातळीला एका बाजूस झाली तर एकाच बाजूचा हात-पाय जातो आणि ते हुबेहूब मेंदूच्या पक्षाघातासारखे दिसते. पक्षाघातात गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साडेचार तासांच्या आत देण्याची घाई असते, आणि ते योग्यच आहे. पण कण्यातील रक्तस्रावाला तेच इंजेक्शन दिले तर अनर्थ. फरक ओळखण्याच्या खुणा दोन: आधी मानेत तीव्र कळ आलेली असते आणि तोंड वाकडे झालेले नसते. म्हणून नातेवाइकांनी "आधी मान दुखली, मग हात गेला" हा क्रम डॉक्टरांना न विसरता सांगावा. क्रम सांगणारे बहुधा घरचेच असतात.

भाऊसाहेबांच्या बोटांनी पाचव्या दिवशी पहिली हालचाल केली. डाव्या पायाचा अंगठा. भाभीजींनी तो पाहिला आणि परिचारिकेला बोलावण्याऐवजी देवाचे नाव घेत तेथेच बसून राहिल्या. सातव्या दिवशी, दुसऱ्या एमआरआयमध्ये नवे रक्त नाही याची खात्री करून, हेपरिन हे औषध सलाइनमधून अगदी कमी मात्रेत सुरू करण्यात आले. ते चटकन थांबवता येते आणि त्याचा परिणाम उलटवताही येतो, म्हणून ते आधी. गोळी त्यानंतर. किती दिवस थांबावे याचा ठोकळ नियम नाही. झडप कोठली, रक्तस्राव किती, हे पाहून मेंदूशल्यविशारद आणि हृदयतज्ज्ञ मिळून ठरवतात. रक्त पातळ करणारी गोळी रुग्णाने स्वतःच्या मनाने कधीही बंद करू नये, हे येथे स्पष्ट लिहितो. हा लेख वाचून कोणी घाबरून गोळी सोडली तर माझ्या हातून मोठाच अपराध घडेल.

शस्त्रक्रियेनंतरचे महिने कोणी सांगत नाही. दर दोन तासांनी कुशीवर वळवणे, पाठीला व्रण पडू नये म्हणून हवेची गादी, दिवसातून चार-पाच वेळा नळीने लघवी काढणे, दोन वेळा फिजिओथेरपी. भाच्याने पेढी सांभाळली, सुनेने नळीचे तंत्र परिचारिकेकडून शिकून घेतले. संकोचाची गोष्ट होती. दोघांनीही चार दिवसांत संकोच सोडला. सहाव्या आठवड्यात वॉकर, चौथ्या महिन्यात लघवीवर बहुतांशी ताबा, वर्षाने काठी. उजवा पाय अजून किंचित ओढतो आणि डाव्या तळव्याला गरम-गार नीट कळत नाही, म्हणून स्नानाचे पाणी दुसरे कोणी तरी हात घालून पाहते.

वाचकांपैकी ज्यांच्या घरी रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत, मग त्या झडपेसाठी असोत, अनियमित ठोक्यांसाठी असोत वा स्टेंटनंतर दिलेल्या अॅस्पिरिन-क्लोपिडोग्रेलच्या असोत, त्यांच्यासाठी भाऊसाहेबांच्या शल्यविशारदांचे सांगणे असे: मान किंवा पाठीत अकस्मात, यापूर्वी कधी न आलेली तीव्र कळ, आणि त्यानंतर मिनिटांत, तासांत वा दिवसभरात मुंग्या, बधिरपणा, पायांत अशक्तपणा, लघवी अडणे. हा जोड दिसला की सकाळची वाट न पाहता, जेथे एमआरआय आणि मेंदू-मणक्याची शस्त्रक्रिया दोन्ही होतात अशाच ठिकाणी न्यावे, १०८ ला फोन करावा, आणि पोहोचताच गोळीचे नाव सांगावे. दुखणे मधे उतरले तरी फसू नये. दुखण्यासाठी डायक्लोफिनॅकसारखी गोळी किंवा कंबरेतील इंजेक्शन या रुग्णांनी डॉक्टरांना रक्ताच्या गोळीची कल्पना दिल्याशिवाय घेऊ नये. दाढेचे, सर्दीचे, कशाचेही नवे औषध, आयुर्वेदिक चूर्णसुद्धा, आधी विचारून मगच घ्यावे.

भाऊसाहेब आता सकाळी दहा ते चार पेढीवर बसतात. गादीजवळ लाल कापडाची एक छोटी वही असते. मुनीमजी तीत दर पंधरवड्याचा आयएनआर, गोळीची मात्रा आणि त्या दिवसांत पालेभाजी चालू की बंद, एवढे तीन रकाने भरतात. यंदाच्या आषाढी चौमासीच्या आदल्या दिवशीची नोंद मी स्वतः पाहिली: २.९, मात्रा तीच, भाजी उद्यापासून बंद, पुढील तपासणी आठव्या दिवशी.